मानमोडीच्या पानांवर फक्त जातच वाचू नका

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व जिल्हाधिकारी, तसेच तहसील कार्यालयांतील रेकॉर्ड रूम सांभाळणारे अधिकारी व कर्मचारी यांस,

स.न.वि.वि.

2023 च्या अखेरच्या महिन्यांत तुमच्या कचेऱ्यांमध्ये जेवढे जुने रुमाल, म्हणजे कापडात बांधलेली दप्तरं, सोडले गेले, तेवढे त्याआधीच्या पन्नास वर्षांत सोडले गेले नसतील. मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचं काम सुरू झालं, मोडी वाचणारे शोधून आणले गेले आणि गाव नमुना 14, म्हणजे गावात अजूनही जिला कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची नोंदवही, पानापानाने तपासली गेली. कित्येक ठिकाणी स्कॅनही झाली. शोध एकाच शब्दाचा होता, 'कुणबी'. त्या शोधातून कोणाला काय मिळावं या वादात हे पत्र पडणार नाही. मला बोलायचंय ते त्याच पानावरच्या इतर रकान्यांबद्दल. मृत्यूची तारीख, वय, बाई की पुरुष, आणि मरणाचं कारण.

तुमच्यापैकी ज्यांच्या हाताखालून 1918 सालची पानं गेली असतील, त्यांना आश्विनाशी पोचल्यावर थबकायला झालं असणार. एरवी ज्या गावात महिन्याला दोन-चार मृत्यू लागायचे, तिथे एकेका दिवसाला तेवढ्या ओळी. कारणाच्या रकान्यात 'ताप', खाली पुन्हा 'ताप'. आणि ऐन त्या आठवड्यांत एखादं पान कोरंच असेल, तर ते गाव बचावलं असं समजू नका. लिहिणाराच अंथरुणाला खिळला असेल, किंवा गेला असेल. हीच मानमोडी. 'एकाला पोचवून येईतो घरात दुसरा' असं जिच्याबद्दल जुनी माणसं सांगायची, ती इन्फ्लुएंझाची साथ.

आपल्याकडे ती कुठून शिरली हे बऱ्यापैकी ठाऊक आहे, आणि ठाऊक आहे त्याचं कारणही एक दप्तरच. जे. ए. टर्नर हे तेव्हा मुंबई महापालिकेचे आरोग्य अधिकारी. मे 1918 च्या अखेरीस सैनिकांना घेऊन आलेलं एक जहाज मुंबई बंदराला लागलं. 10 जूनला गोदीवर पहाऱ्याला असलेले सात पोलीस शिपाई तापाने रुग्णालयात दाखल झाले. तो ताप हिवतापाचा नव्हता. पुढच्या दहा दिवसांत सरकारी गोदी, पोर्ट ट्रस्ट, हाँगकाँग अँड शांघाय बँक, तारऑफिस, टांकसाळ, रेचेल ससून मिल अशी एकेका जागेची माणसं आडवी होत गेली. टर्नर म्हणाले, रोग जहाजाने आणला. हिंदुस्थान सरकारचं म्हणणं उलटं, जहाजावरच्या लोकांनाच तो मुंबईत लागला. रोग कोणाच्या हद्दीत सुरू झाला यावर दोन खात्यांनी भांडावं हे आपल्याला नवं नाही. पण टर्नर भांडू शकले ते हाताशी तारीखवार नोंद होती म्हणून.

जूनची लाट तशी सौम्य होती. लोक तीन-चार दिवस निजले आणि कामावर परतले. सप्टेंबरात रोग परत आला तो वेगळ्याच तयारीने. 6 ऑक्टोबर 1918 या एका दिवशी मुंबईत 768 माणसं मेली. पंचांग लावून पाहा, पितृपक्ष नुकता संपला होता आणि नवरात्र बसत होतं. दख्खनच्या खेड्यांत मृत्यूचा डोंगर उभा राहिला तो यानंतर, साधारण दिवाळीपर्यंत. त्या वर्षीची दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्याच आठवड्यात होती, युरोपातलं युद्ध थांबण्याच्या आठवडाभर आधी.

हा रोग कशाने होतो हे तेव्हा कोणत्याच डॉक्टरला माहीत नव्हतं. 1892 साली फायफर यांनी वर्णन केलेल्या एका जीवाणूवर बहुतेकांचा संशय होता आणि तो चुकीचा होता. माणसातला इन्फ्लुएंझाचा विषाणू 1933 साली लंडनमध्ये वेगळा काढता आला. 1918 चा तो नेमका विषाणू, म्हणजे त्या वेळचा एच1एन1, त्याची संपूर्ण जनुकीय मांडणी 2005 पर्यंत हाती आली. कुठून? अमेरिकी लष्कराच्या संग्रहात जपलेल्या फुफ्फुसाच्या तुकड्यांमधून, आणि अलास्कातल्या ब्रेविग मिशन या गावी कायम गोठलेल्या जमिनीत पुरलेल्या एका स्त्रीच्या शरीरातून. जोहान हल्टिन नावाच्या माणसाने 1951 मध्ये तिथे एकदा खणून नमुने नेले, पण त्यांतून विषाणू वाढवता आला नाही. 1997 मध्ये सत्तरी ओलांडल्यावर तो पुन्हा गेला आणि नमुना घेऊन आला. चिकाटी म्हणावी तर अशी.

आपल्याकडे हे होणं शक्य नाही. आपली बहुतेक माणसं चितेवर गेली, आणि जी पुरली गेली त्यांना इथल्या जमिनीने राखलं नाही. जगात सर्वांत जास्त माणसं जिथे मेली त्या देशात त्या रोगाचा शरीराच्या रूपात काहीही पुरावा नाही. उरलाय तो कागद, आणि तो तुमच्या ताब्यात आहे.

किती मेले? इथे आकड्यांची जी त्रेधा आहे तीच या पत्राचं खरं कारण. तेव्हाचे सॅनिटरी कमिशनर नॉर्मन व्हाइट यांचा पहिला अंदाज सुमारे 60 लाखांचा. 1921 च्या जनगणनेच्या अहवालाने तो सव्वा कोटीच्या आसपास नेला. 1951 साली किंग्झली डेव्हिस यांनी दोन जनगणनांची तुलना करून तो दोन कोटींच्या जवळ आणून ठेवला. 1986 मध्ये आय. डी. मिल्स यांचा हिशेब 1 कोटी 70 ते 80 लाखांवर आला. 2012 मध्ये सिद्धार्थ चंद्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटिश अमलाखालच्या जिल्ह्यांपुरता आकडा काढला, तो सुमारे 1 कोटी 39 लाख. सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्या अंदाजात कोटीहून जास्त माणसांचं अंतर आहे. आजच्या महाराष्ट्राचा भूभाग घेतला तर 1911 मध्ये 2 कोटी 14 लाखांवर असलेली लोकसंख्या 1921 मध्ये 2 कोटी 8 लाखांवर आली. दहा वर्षांत वाढ तर नाहीच, उलट सुमारे तीन टक्के घट. त्या दशकात प्लेग होता, दुष्काळ होता, पण घसरणीचा मोठा वाटा मानमोडीचा होता.

हे अंदाज असे विखुरलेले का? कारण तेव्हाच्या मृत्यूनोंदीत इन्फ्लुएंझा नावाचा रकानाच नव्हता. पटकी, देवी, प्लेग, ताप, अतिसार, श्वसनाचे रोग, अपघात आणि इतर, एवढ्याच खणांत माणसाला मरता यायचं. मानमोडीचे मृत्यू बहुतेक करून 'ताप' या खणात पडले. मग संशोधक काय करतात, तर आधीच्या वर्षांची सरासरी काढतात आणि तिच्या वर जे मृत्यू दिसतात ते साथीच्या नावावर मांडतात. कोविडच्या वेळी 'अतिरिक्त मृत्यू' या हिशेबावरून आपल्या सरकारचं आणि जागतिक आरोग्य संघटनेचं जे वाजलं ती हीच रीत. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत मिळून सरकारी आकडा पाच लाखांच्या आत होता, संघटनेचा 47 लाखांचा. शंभर वर्षांपूर्वीचा गोंधळ जुन्या लोकांच्या अडाणीपणावर ढकलायची सोय त्यामुळे राहिलेली नाही.

पण ही सगळी गणितं जिल्ह्याच्या बेरजांवर उभी आहेत. गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून पुण्या-मुंबईला अशी बेरीज चढत गेली आणि प्रत्येक पायरीवर माणसं पुसट होत गेली. मूळ ओळ गावाच्या वहीतच राहिली. त्या बेरजांमधूनही किती निघतं पाहा. जिल्हावार आकडे कालक्रमाने लावल्यावर दिसलं की दुसरी लाट पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत गेली आणि सरकताना तिची धार बोथट होत गेली. मुंबई इलाखा, मध्य प्रांत आणि वऱ्हाड भाजून निघाले, बंगालला त्या मानाने कमी झळ लागली. म्हणजे देशात सर्वांत जास्त मार ज्या पट्ट्याने खाल्ला, त्यात आजचा जवळजवळ सगळा महाराष्ट्र येतो. आणि आपल्या शाळेच्या पुस्तकांत प्लेग आहे, रँड आहे, चापेकर आहेत, मानमोडी नाही. प्लेगने देशात वीस-पंचवीस वर्षांत जेवढी माणसं नेली, त्याच्या तोडीची किंवा त्याहून जास्त या तापाने काही महिन्यांत नेली. पण प्लेगच्या वेळी सरकार घरात घुसलं, त्यामुळे त्याचा इतिहास झाला. 1918 मध्ये सरकार फिरकलंच नाही. डॉक्टर युद्धावर, वरिष्ठ साहेब थंड हवेच्या गावी, आणि मदत केली ती सोशल सर्व्हिस लीगसारख्या संस्थांनी आणि जातीजातींच्या मंडळांनी. न आलेल्या सरकारावर कोणी पोवाडा रचत नाही.

आता जातीच्या रकान्याकडे येतो, तो तुम्ही वाचलाच आहे. मुंबई शहराच्या नोंदी समाजवार ठेवलेल्या होत्या, त्यामुळे तिथलं एक भीषण कोष्टक उपलब्ध आहे. साथीतले मृत्यू, दर हजारी: युरोपियन 8.3, पारशी 9, अँग्लो-इंडियन 11.9, भारतीय ख्रिस्ती 18.4, सवर्ण हिंदू 18.9, मुसलमान 19.2. आणि तेव्हाच्या कागदांत ज्यांना 'खालच्या जातीचे हिंदू' म्हटलंय, त्यांचे 61.6. विषाणू तोच, शहर तेच, महिना तोच. साडेसातपट फरक पडला तो खोलीत किती माणसं निजतात, पोटात काय आहे आणि आजारपणात कामावर न जाण्याची ऐपत आहे का, यावर.

हे शहराचं झालं. मेले ते मात्र बहुतेक खेड्यांत, आणि खेड्यांचं असं कोष्टक कोणीही केलेलं नाही. गावकुसाबाहेर राहणाऱ्यांना वस्ती अलग असल्याचा फायदा झाला, की उपासमारीने तो पुसून टाकला? मुंबईसारखाच फरक सांगोल्यात होता का, चिपळुणात होता का? तारीख, वय, जात आणि कारण हे चार रकाने एकत्र वाचल्याशिवाय याचं उत्तर मिळणार नाही. प्रमाणपत्रासाठी एक रकाना वाचला, आता उरलेले तीनही वाचा एवढंच म्हणणं आहे.

वयाचा रकाना तर विशेष बारकाईने पाहण्यासारखा. नेहमीचा फ्लू म्हाताऱ्यांना आणि तान्ह्यांना नेतो. या साथीने वीस ते चाळीस या वयाची धडधाकट माणसं नेली, आणि आपल्याकडे त्यातही बायका जास्त. आजाऱ्यांची उस्तवार त्यांच्याकडे, घरात अन्न सर्वांत शेवटी त्यांना, त्यातून कोणी गरोदर. 1918 चा पाऊसही दगा देऊन गेला होता. खरीप बसलेलं, धान्याचे भाव चढलेले, आणि जेव्हा रब्बीची ज्वारी पेरायची नेमका तेव्हाच पेरणारा हात तापाने फणफणलेला. साथीमागून उपासमार आली ती एकट्या पावसाने आणली नाही. त्याच नोंदवहीत जन्मही लिहिलेले असतात. 1919 च्या उन्हाळ्याची आणि पावसाळ्याची पानं काढून पाहा, जन्म किती उतरले ते. मेलेल्या बायकांबरोबर जी मुलं जन्मलीच नाहीत त्यांचा हिशेब तिथे लागतो.

रेल्वेचं काय? साथ रेल्वेने पसरली असं तेव्हाचे अधिकारीही मान्य करतात. जी.आय.पी. रेल्वेच्या रुळांवरून परतणारे गिरणी कामगार, सुटीवरचे शिपाई, टपाल. पण रुळापासून किती कोसांवरच्या गावात रोग किती दिवसांनी पोचला, आठवड्याच्या बाजारातून पोचला की लग्नकार्य-तेराव्याच्या वऱ्हाडातून, हे कोणालाच सांगता आलेलं नाही. तारखा गावाच्या वहीत आहेत.

या सगळ्यावर तुमच्या शंका काय असतील त्याचा मला अंदाज आहे. पहिली, या नोंदी अपुऱ्या आहेत. आहेतच. पाटील-कुलकर्णी आजारी, कोतवाल आजारी, नोंद राहून गेली. पण कोणत्या आठवड्यात नोंद तुटली हेसुद्धा माहितीच असते. दुसरी, मृतांची नावं आणि जात उघड करणं योग्य का. नावं हवीच कशाला? गाव, तारीख, वय, लिंग, समाज आणि कारण पुरे, आणि समाजाचा तपशील गावाऐवजी तालुक्याच्या पातळीवर प्रसिद्ध केला तरी चालेल. तिसरी, मनुष्यबळ नाही. ही एकच शंका मला खरी वाटते. पण मोडी वाचणारे तुम्ही आधीच जमवले आहेत, पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गांतून दर वर्षी नवी माणसं शिकून बाहेर पडतात, आणि ज्या पानांबद्दल मी बोलतोय ती दर गावी दोन वर्षांची, फार झालं तर मागच्या पाच वर्षांची सरासरी काढण्यापुरती आणखी.

मराठवाड्याची अडचण निराळी आहे. तो भाग तेव्हा निजामाकडे, कागद उर्दूत, साल फसली, म्हणजे तिथल्या महसुली गणनेचं. तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी आधी निदान एवढं जाहीर करावं की 1918 च्या काळातलं काय शिल्लक आहे आणि काय नाही. शिल्लक नसेल तर तसं लिहून मोकळं व्हा, शोधणाऱ्याच्या खेपा तरी वाचतील.

जुन्या मढ्यांचा हिशेब आज कशाला, असंही कोणी म्हणेल. तर इन्फ्लुएंझा गेलेला नाही. 1957 मध्ये तो मद्रास बंदरातून आला, तेव्हाही जहाजानेच. 1968 मध्ये हाँगकाँगचा म्हणून आला. 2009 मध्ये विमानाने आला आणि 3 ऑगस्टला देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला, जिथे राष्ट्रीय विषाणू संस्था आहे त्याच शहरात. नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा, बंद शाळा, औषधांच्या दुकानांतून गायब झालेले मास्क पुणेकर विसरलेले नाहीत. त्यातही पुन्हा तरुणच जास्त सापडले. जागतिक साथ संपल्याचं जाहीर झालं ऑगस्ट 2010 मध्ये, तरी 2015 या एका वर्षात त्याच विषाणूने देशात 2,990 नोंदलेले बळी घेतले. तेव्हा तर कोणाला फार गाजावाजाही करावासा वाटला नाही.

आणि पुढचा विषाणू बहुधा पक्ष्यांकडून येईल. देशात कोंबड्यांमध्ये बर्ड फ्लू पहिल्यांदा सापडला तो फेब्रुवारी 2006 मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापुरात. जानेवारी 2021 मध्ये परभणीजवळच्या मुरुंब्याला. 2024 च्या डिसेंबरअखेर नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या मेला तो याच एच5एन1 ने, आणि पाठोपाठ जानेवारीत उदगीरला कावळे पडले. पक्ष्यांतून सस्तन प्राण्यांत तो आपल्या दारात शिरलेला आहे. माणसामाणसांत तो अजून सहज पसरत नाही, ही आजची जमेची बाजू. उद्या पसरू लागला तर औषधं, खाटा आणि लस आधी कुठल्या तालुक्याला द्यायची हे ठरवणारी बैठक तुमच्याच सभागृहात होणार आहे. तेव्हा समोर नकाशा कुठला असेल? मागच्या वेळी कोणती गावं आधी पडली, कोणती उशिरा, कुठे बायका जास्त गेल्या, हे सांगणारा एकही नकाशा आज आपल्याकडे नाही. रस्ते बदलले, गावं वाढली, हे मान्य. माणसांची दाटी, पोटाची परवड आणि दवाखान्याचं अंतर एवढं बदललंय का, हे तुम्ही फिरतीवर असता तेव्हा पाहताच.

म्हणून तीन गोष्टी करा. स्कॅन झालेल्या नमुना 14 मधली 1913 ते 1919 ची पानं वेगळी काढून त्यांची गाववार यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाका. जिथे लिप्यंतर चालू आहे तिथे ओळ पूर्ण उतरवा, एका शब्दावर थांबून पुढच्या पानावर जाऊ नका. आणि जी पानं स्कॅन व्हायची राहिली आहेत, वाळवीने आणि ओलीने जी हाताला लागताच तुटतात, ती अभिलेखांच्या वर्गीकरणात 'कुणबी नोंद आढळली नाही' असा शेरा मारून मागच्या फळीवर ढकलू नका. त्या शोधासाठी निरुपयोगी ठरलेली वही या कामाला पूर्ण उपयोगी आहे.

सगळ्या राज्याचं एकदम होणार नाही, व्हायलाही नको. दोन तालुक्यांपासून सुरू करा. एक दौंड, कारण तिथे रेल्वेचं जंक्शन आहे. दुसरा अकोले, कारण तो डोंगरात आहे आणि तिथे रेल्वे नाही. दोन्हीकडच्या सप्टेंबर ते डिसेंबर 1918 च्या मृत्यूच्या ओळी तारखेप्रमाणे मांडून प्रसिद्ध करा. दौंडचं पान आधी भरतं की अकोल्याचं, आणि मध्ये दिवस किती जातात, हे कळलं की पुढचे तालुके कोणते घ्यायचे ते आपोआप ठरेल. मोडी वाचायला, आकडे मांडायला माणसं लागली तर माझ्यासारखे निवृत्त लोक विनामोबदला येतील, फक्त रेकॉर्ड रूमच्या दारावर आम्हाला 'नक्कल अर्ज भरा' म्हणून परत पाठवू नका.

आपला,
वैद्यकीय महाविद्यालयात साथरोगशास्त्र शिकवून निवृत्त झालेला एक नागरिक